साडेसातशे मीटरची बाजू

"वहिनी, स्प्रिंट-बिंट पोरासोरांचं काम. करायचंच तर गोवा करा."

हे मला पहिल्यांदा ऐकवलं गेलं ते एका वास्तुशांतीच्या पंगतीत, जिलबीचं ताट समोरून फिरत असताना. ऐकवणारे ह्यांचे मित्र. वय ४९, बांधकामाचा धंदा, दिवाणखान्यात दोन पदकं काचेच्या चौकटीत. मी तेव्हा ४४ वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी आणि नुकतीच पोहायला शिकू लागलेली. पुढच्या फेब्रुवारीत एका छोट्या ट्रायथलॉनला नाव द्यावं असं मनात होतं, एवढंच बोलले होते. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. ह्या अंतराला स्प्रिंट म्हणतात. मित्रांचं 'गोवा' म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल मारायची आणि वर २१.१ किलोमीटर धावायचं. ही हाफ आयर्नमॅन २०१९ साली पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पहिल्यांदा भरली आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईकडच्या, आता आमच्या साताऱ्याकडच्याही, धावणाऱ्या मंडळींत 'गोवा केलं का?' हा प्रश्न 'काशी केली का?' च्या सुरात विचारला जातो.

त्या दिवशी मी हसून जिलबीकडे वळले. पण नंतर दोन वर्षांत हेच वाक्य इतक्या तोंडांतून ऐकलं की आता उत्तर द्यावंसं वाटतं. त्यांचं म्हणणं आधी पुरतं मांडते, नाहीतर म्हणतील मास्तरीण बाईंनी सोयीचं तेवढंच उचललं. मोठं ध्येय ठेवलं की माणूस झडझडून कामाला लागतो. सहा महिने पुरतात. पोहणं कसंबसं काढता येतं, खरी शर्यत सायकलवर. आणि स्प्रिंट केली म्हणून सांगितलं तर विचारतो कोण?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचं सगळं त्याच्याच पोटात आहे.

'ट्रायथलॉन' ह्या नावाने भरलेली पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथे झाली. वार बुधवार, वेळ संध्याकाळची. जॅक जॉन्स्टन आणि डॉन शानाहन ह्या दोघांनी तिथल्या ट्रॅक क्लबतर्फे ती भरवली, ४६ जण आले. धावणं सगळं मिळून सहा मैल, सायकल पाच मैल, पोहणं जेमतेम पाचशे यार्ड आणि तेही तुकड्या-तुकड्यांनी. शेवटचे लोक पाण्यातून बाहेर पडेपर्यंत अंधार पडला, म्हणून मोटारींचे दिवे किनाऱ्याकडे वळवून ठेवले होते. ह्या ४६ जणांत जॉन कॉलिन्स नावाचा एक नौदलाचा अधिकारी होता. पुढे ह्याच माणसाने हवाईत आयर्नमॅन काढली. मित्रहो, आयर्नमॅनच्या जन्मदात्याची पहिली ट्रायथलॉन एकूण अंतरात तुमच्या स्प्रिंटहून लहान होती.

आयर्नमॅनच्या प्रसिद्ध अंतरांची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. ३.८ किलोमीटर, १८० किलोमीटर, ४२.२ किलोमीटर. हे आकडे लोक अशा गांभीर्याने उच्चारतात की वाटावं, कुणी शरीरशास्त्रज्ञाने मानवी क्षमतेची सीमा मोजून ते ठरवलेत. तसं काही नाही. ओआहू बेटावर आधीपासून तीन वेगळ्या स्पर्धा होत्या: वायकिकीची समुद्रातली पोहण्याची स्पर्धा, बेटाला वळसा घालणारी सायकलची फेरी आणि होनोलुलू मॅरेथॉन. धावणारा जास्त तंदुरुस्त की पोहणारा की सायकलवाला, ह्या गप्पांतल्या वादातून कॉलिन्सने तिन्ही एकापाठोपाठ जोडल्या. सायकलची फेरी ११५ मैलांची होती, ती जुळवून घेताना तीन मैल छाटले आणि ११२ केले. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. दुसऱ्या क्रमांकाच्या जॉन डनबारजवळचं पाणी वाटेत संपलं, तेव्हा त्याच्या मदतनिसांनी त्याला बिअर पाजली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. इतक्या गमतीत जन्मलेल्या बेरजेची अर्धी बेरीज म्हणजे गोव्याचं अंतर. मैलांत ती ७०.३ भरते, म्हणून तेच नाव पडलं. आयर्नमॅन हे नाव एका कंपनीचं आहे, पदकही तिचंच. तिने विकावं आणि ज्याला हवं त्याने घ्यावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या नावाला खेळाचं दुसरं नाव समजणं म्हणजे एका ब्रँडच्या चहालाच चहा म्हणण्यासारखं आहे.

आणि 'पोरासोरांचं काम'? ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन २००० साली सिडनीत आली ती १.५ किलोमीटर, ४० आणि १० अशा अंतरांची. टोकियोपासून मिश्र रिले सुरू झाली. तीत एकेकाच्या वाट्याला ३०० मीटर पोहणं, सात किलोमीटरच्या आत सायकल आणि सुमारे २ किलोमीटर धावणं येतं. पहिलं सुवर्ण ब्रिटनने नेलं. त्यांना कुणी जाऊन विचारावं, हे पोरासोरांचं होतं का म्हणून.

असो. हा झाला मानापमानाचा भाग. मला जे खरं बोलायचंय ते पाण्याबद्दल.

'पोहणं कसंबसं काढता येतं' हे वाक्य बोलणारा माणूस बहुतेक वेळा लहानपणी पोहायला शिकलेला असतो, आणि बहुतेक वेळा पुरुष असतो. माझ्या माहेरी मळ्यात विहीर होती. मे महिन्यात चुलत-मावस मिळून अकरा पोरं जमायची. त्यातल्या मुलग्यांच्या पाठीला वाळका भोपळा बांधून काका त्यांना काठावरून ढकलून द्यायचे, दोराचं टोक काकांच्या हातात. चार दिवसांत भोपळा सुटायचा आणि आठव्या दिवशी पोरगं थारोळ्यावरून मुटका मारायचं. आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे आणि चपला राखत बसायचो. उन्हाने तापलेल्या दगडावर बसून मी सात उन्हाळे विहिरीचं पाणी पाहिलं, पण त्यात एकदाही उतरले नाही. कुणी मनाई केली होती असंही आठवत नाही. तो प्रश्नच कुणाला पडला नव्हता, मलाही नाही.

म्हणून ४४ व्या वर्षी तलावाच्या उथळ टोकाला उभी राहिले तेव्हा छातीएवढ्या पाण्यात माझे पाय लटपटत होते. महिलांची बॅच सकाळी नऊ ते दहा. नोकरी करणाऱ्या बाईने त्या वेळेला यायचं कसं, हे वेळापत्रक करणाऱ्याला सुचलं नसावं. मग सहाच्या सर्वसाधारण बॅचला, माझ्याच माजी विद्यार्थ्यांच्या देखत, मी कठड्याचा पाइप धरून पाण्यात तोंड घालायला शिकले. तीन आठवडे नुसतं तेच. शिकवणारा मुलगा वयाने माझ्या निम्मा. तो काठावर उकिडवा बसून सांगायचा, "मॅडम, श्वास सोडा. सोडा आधी. भरल्या पिशवीत अजून काय भरणार?"

ह्या एका वाक्यात पोहण्याची अर्धी विद्या आहे, हे मला कळायला महिना लागला. नवशिका पाण्यात तोंड घातलं की श्वास धरून ठेवतो. मग मान वर काढून सोडणं आणि घेणं ही दोन्ही कामं एका क्षणात उरकू पाहतो. ती उरकत नाहीत. आत कार्बन डायॉक्साइड साठत जातो आणि छाती फुटेल असं वाटतं. माणसाची समजूत अशी की आपला स्टॅमिना कमी पडला. खरं तर हवा आत कोंडलेली असते. त्यात घाबरून डोकं आणखी वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात. अंग आडवं राहण्याऐवजी तिरकं होतं, आणि जे पाणी कापत जायचं ते छातीने ढकलत न्यावं लागतं. रोज दहा किलोमीटर धावणारा तगडा गडी ह्याच कारणाने २५ मीटरमध्ये दमून पाइपला लटकतो आणि शेजारची साठीची बाई शांतपणे विसावी लेंग्थ घालत असते. इथे पायांतला जोर उपयोगी पडत नाही आणि जिद्द तर उलट अंगाशी येते, कारण जिद्दीने माणूस आणखी हातपाय झाडतो.

२५ मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे ३० लेंग्थ. पहिली लेंग्थ न थांबता पुरी व्हायला मला सात आठवडे लागले. तिशी गाठायला त्यावर चार महिने. आता गोव्याचा हिशेब पाहा. १.९ किलोमीटरला १ तास १० मिनिटं मिळतात. म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. ऐकायला सैल वाटतं. तलावात, दर २५ मीटरला भिंतीला पाय मारून पुढे सरकण्याची चैन असताना, मला तेव्हा १०० मीटरला साडेतीन मिनिटं लागत होती. समुद्रात भिंत नसते. तळाला काळी पट्टीही नसते, त्यामुळे सरळ रेषेत पोहणं हीसुद्धा वेगळी शिकायची गोष्ट. दर सहा-आठ हातांनंतर डोळ्यांपुरतं डोकं वर काढून समोरचा बोया शोधायचा. नाहीतर १.९ चे २.३ होतात आणि कळतही नाही. परदेशी पुस्तकांतला नवशिका रबराचा वेटसूट घालतो, तो त्याला आपोआप तरंगत ठेवतो. पाणी ठरावीक तापमानाच्या वर असलं की नियमानुसार तो सूट चालत नाही, आणि आपल्याकडचं पाणी कोमटच. तेव्हा आपल्या नवशिक्याला आपल्याच अंगावर तरंगावं लागतं.

धरणाच्या पाण्यात पहिल्यांदा उतरले तो दिवस सांगते. सोबत सहा जण, एक कयाक, कमरेला बांधलेला नारिंगी फुगा. पाणी हिरवट, हात कोपरापुढे दिसेना. तलावात सहज ४० लेंग्थ घालणारी मी, तिथे तिसाव्या हाताला श्वास घेणं विसरले. शब्दशः विसरले. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. फुगा धरून उताणी पडले, आकाशाकडे बघत शंभर अंक मोजले. गणिताच्या बाईंना दुसरं काय सुचणार? त्या दिवशी एकूण २०० मीटर झाले. हे 'कसंबसं काढणं' मी १.९ किलोमीटरच्या शर्यतीत, शेकडो लोकांच्या हातापायांच्या गर्दीत, पहिल्यांदाच करायचं होतं म्हणे.

हे भित्रेपण नाही. २०१७ साली 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' ह्या नियतकालिकात अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास छापून आला. १९८५ ते २०१६ ह्या काळातल्या १३५ घटना, त्यांपैकी ९० पोहताना घडलेल्या. त्यांत मोठा वाटा मध्यमवयीन पुरुषांचा. ह्याच अभ्यासात एक गोष्ट माझ्या विरोधात जाणारीही आहे आणि ती लपवणं बरं नाही: लहान शर्यत आणि लांब शर्यत ह्यांच्या धोक्यात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे स्प्रिंट आहे म्हणून निर्धास्त, असं नव्हे. चाळिशी ओलांडलेल्याने नाव देण्याआधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावं, हे दोन्हीकडच्यांना लागू. पण पाण्याला 'काढून टाकायचा भाग' समजणाऱ्याने निदान हा ९० चा आकडा डोळ्यांखालून घालावा. सायकलवर दम गेला तर पाय टेकता येतो.

आता मोठ्या ध्येयाची गोष्ट. ह्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मी स्वतः एकेकाळी ह्याच मंत्राला भुलून, धड १० किलोमीटर न धावता, घाटातल्या हाफ मॅरेथॉनला उभी राहिले होते. चार महिने रोज पहाटे उठले ते त्या तारखेच्या धाकानेच, हे खरं. शर्यत पूर्णही केली. त्यानंतरचे पाच महिने जिना उतरताना कठडा धरावा लागला, हेही तितकंच खरं. चूक पूर्ण माझी. हृदय आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत वाढीव कामाला सरावतात. कंडरा, सांध्यांभोवतालचे बंध, हाडं ह्यांना महिनोन् महिने लागतात. त्यामुळे ऐन चाळिशीत माणसाचा दम त्याच्या गुडघ्यांच्या पुढे धावू लागतो. सहा महिन्यांत हाफ आयर्नमॅन करून नंतर सहा महिने फिजिओथेरपीच्या टेबलावर पडलेले चार जण मला माहीत आहेत. त्यांचे टेबलावरचे फोटो मात्र कुठे दिसत नाहीत.

मित्रांनी एकदा मला जपानच्या हिरोमु इनादांचा फोटो पाठवला. २०१८ साली वयाच्या ८५ व्या वर्षी हवाईची पूर्ण आयर्नमॅन संपवणारे गृहस्थ. खाली ओळ, 'आता बोला वहिनी!' बोलते. इनादांनी पहिली ट्रायथलॉन सत्तरीत केली. त्या एका फोटोच्या मागे पंधरा वर्षं उभी आहेत, आणि तुम्ही मला सहा महिने देताय.

ह्या सहा महिन्यांत आठवड्याला दहा-बारा तास लागतात. ते येतात कुठून? मित्रांच्या घरी ते कुठून आले हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं, फोडणीसमोर उभी असताना, आवाज न चढवता. "गोव्याच्या वर्षी हे एकाही रविवारी जेवायच्या आधी घरी नव्हते. आल्यावर झोप. सासूबाईंच्या दवाखान्याच्या फेऱ्या मी केल्या." पदकाच्या चौकटीत तिचं नाव नाही. माझ्या घरी दहा तास अलगद काढून देणारं कुणी नाही. डबे दोन, सासरे ८१ वर्षांचे, आणि मार्चमध्ये उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. आठवड्याला पाच तास मात्र मी माझ्याच दिवसातून कापून काढू शकले: तीनदा पोहणं, दोनदा सायकल, दोनदा धावणं, त्यातलं एकदा सायकलवरून उतरल्या-उतरल्या. ह्या शेवटच्या प्रकाराला ब्रिक म्हणतात. पहिल्या खेपेला पाय आपले नसून कुणी उसने दिलेत असं वाटतं आणि लोक थांबून विचारतात, लागलं का काही. दोन-तीन आठवड्यांत ते ओसरतं.

दुसऱ्या बाजूने आमचे दाजी आहेत. त्यांच्या मते हे सगळेच श्रीमंतांचे चोचले. "लाखाची सायकल घेऊन घाम गाळायचा, त्यापेक्षा रानात ये की खुरपायला." दाजींना मी फार उत्तर देत नाही, कारण त्यांनी पाहिलेली ट्रायथलॉन म्हणजे मित्रांची कार्बनची सायकलच. माझी साधी गिअरची, सहा वर्षं शाळेत जा-ये केलेली. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सायकल तपासतात. हँडलच्या नळीची दोन्ही टोकं बंद लागतात, कारण पडलं तर उघडी नळी पोटात घुसते. माझं डाव्या बाजूचं बूच कधीच हरवलेलं. बाटलीचं बूच पाटीवर घासून बारीक केलं आणि वरवंट्याने ठोकून बसवलं. तपासणाऱ्याने अंगठ्याने दाबून पाहिलं, हसला, आणि पुढे जा म्हणाला.

शर्यतीला १ तास ५८ मिनिटं लागली. शेवटून पाचवी. पाण्यात दोनदा कयाक धरली. तिला धरून पुढे सरकायचं नाही, पण नुसतं धरून दम खायला नियमाची आडकाठी नाही, हे फार कमी नवशिक्यांना कुणी सांगतं. शेवटच्या बोयाला वळसा घालताना माझ्या पुढे एक विशीचा मुलगा उताणा पोहत होता आणि मागे कुणीतरी मोठ्याने रामरक्षा म्हणत होतं, की मला तसं वाटलं. दुपारी दीडला घरी येऊन मी भाकरी थापत होते. गुडघे शाबूत होते. मंगळवारी पुन्हा तलावावर गेले.

परवा मित्र भेटले. "झालं ना स्प्रिंटचं? मग गोवा कधी?" म्हणाले. मी म्हटलं, येत्या फेब्रुवारीत पुन्हा ७५० मीटरच करणार आहे, ह्या वेळी कयाक न धरता. तुम्हीही या. ते जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, खरं सांगू का, दोन्ही वेळा पाण्यातून बाहेर आलो तेव्हा घड्याळात चारेक मिनिटं उरली होती. पोहायचा अजून धसकाच वाटतो." तेव्हा या नक्की. सहाच्या बॅचला जागा आहे. आणि शर्यतीच्या दिवशी हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावू नका, तिथल्या पंच बाई कुणाची दोन पदकं आहेत ते विचारत नाहीत.